सर्दीची गोळी

आमच्या घरातला औषधांचा डबा म्हणजे श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. तो मीच भरते, मीच सांभाळते आणि त्यातलं कुणाला काय द्यायचं हेही मीच ठरवते. तापाची, पोटाची, सर्दीची, कंबरेची अशा सगळ्या गोळ्या त्यात असतात. गल्लीच्या तोंडावरचा मेडिकलवाला पूर्ण पट्टी सहसा देत नाही. चार मागितल्या की कात्रीनं कचकन चार कापून हातावर ठेवतो. नाव छापलेला तुकडा बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतो आणि माझ्या वाट्याला येतो नुसता चंदेरी तुकडा, कुठं त्यावर एखादं अर्धं अक्षर. मला त्याची कधी अडचण वाटली नाही. पंचवीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवते आहे. वहीवर नाव नसलं तरी अक्षरावरून पोरगं ओळखते, तशीच रंगावरून गोळी ओळखते, असा माझा तोरा होता.

माझी मुलगी रोइंग करते. शर्यतीची होडी वल्हवते. सुरीसारखी अरुंद, लांबलचक होडी, तिच्यात दोघी मुली एकीमागे एक बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात दोन वल्ही. दोन किलोमीटर जायचं आणि तेही शेवटच्या रेषेकडे पाठ करून. आता मी हे शाळेतल्या बायकांना झोकात समजावून सांगते, पण सुरुवातीला मला वाटलं होतं की पंढरपूरला चंद्रभागेत नावाडी माणसं पलीकडं नेतात तसलंच काहीतरी असणार.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, हंडे, बादल्या, अगदी कुकरसुद्धा. आमची पोरगी आठवीपासून दोन्ही हातांत दोन हंडे घेऊन जिना चढायची. तिची निवड झाली तेव्हा नणंद म्हणाली, "नळाला पानी न्हाय, आन् ही होडी चालवती म्हनं!" सगळे हसले. मीही हसले, पण नणंदेचं ते बोलणं मी अजून विसरलेले नाही.

निवडही गमतीचीच. शाळेकडून बास्केटबॉल खेळायची. एका स्पर्धेत दोन माणसं आणि एक बाई टेप घेऊन आली आणि उंच मुलींना भिंतीला उभं करून मापं घ्यायला लागली. उंची, हातांची लांबी, पायांची लांबी. मला तर मुलगी बघायला आल्यासारखंच वाटलं. फरक इतकाच, की पोरगी उंच आहे म्हणून पहिल्यांदाच कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. सोळाव्या वर्षी ती पुण्याजवळच्या प्रशिक्षण केंद्रात गेली. आता बावीसची आहे. तळहातांवर इतके घट्टे आहेत की मावसबहिणीच्या लग्नात मेंदी काढणारी म्हणाली, "ताई, इथं रंगच धरत नाही." पोरगी म्हणाली, "नुसती बोटं रंगव." मला वाईट वाटलं होतं. तिला काहीच वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत तिची जोडी पाचवी आली, त्याआधीच्या वर्षीही पाचवी. या वर्षी नवी जोडीदारीण मिळाली, केरळची. दोघींचं जमलं. वेळ चांगली यायला लागली. पहिल्या दोन जोड्यांना भारताच्या शिबिरात घेणार आणि तिथून परदेशी स्पर्धेला पाठवणार, असं ठरलेलं होतं. म्हणून पासपोर्ट काढायचा होता आणि पोलिसांची चौकशी घरच्या पत्त्यावर होते, म्हणून स्पर्धेच्या पाच दिवस आधी ती दोन दिवसांसाठी सोलापूरला आली. आली ती नाक चोंदलेलं घेऊन.

मी डबा काढला.

"आई, आम्हाला असलं काही चालत नाही," ती म्हणाली. "आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घ्यायचं नसतं."

"सर्दीची गोळी आहे, विष नाही. तुझ्या डॉक्टरांच्या आधी सोळा वर्षं मीच तुझी डॉक्टर होते."

"वाफ घेते ना."

"वाफही घे आणि गोळीही घे."

मी हातावर गोळी ठेवली, कोमट पाण्याचा पेला दिला आणि समोर उभी राहिले. मी अशीच उभी राहते. शाळेत जंताच्या गोळ्या वाटतानाही मी पोरांना तोंड उघडून दाखवायला लावते. तिनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एक दिली. दुपारी ती निघाली तेव्हा उरलेली पट्टी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात घातली आणि डिंकाच्या लाडवांचा डबा आत घातला, दोघींना पुरेल एवढा. पोरगी वाकून पाया पडली. पाया पडायला तिला आता फारच वाकावं लागतं.

हे मंगळवारी. गुरुवारी सकाळी माझा नवरा डबा उलटापालटा करत होता. ते होटगीला रेल्वेत आहेत. सगळी नोकरी उभ्यानं गेली, त्यामुळं पाय सुजतात आणि रक्तदाबही आहे. त्यासाठी त्यांना रोज एक बारीक पिवळट गोळी असते.

"माज्या गोळ्या कुटं गेल्या?" ते म्हणाले. "जुनी पट्टी काल संपली. नवी रविवारीच आनली होती की."

"त्यातच असतील, नीट बघा."

"न्हायत. ही हाय ती सर्दीची." त्यांनी एक चंदेरी तुकडा माझ्यासमोर धरला. त्यातही तशाच बारीक पिवळट गोळ्या होत्या. एका कडेला सर्दीच्या गोळीच्या नावाची शेवटची दोन अक्षरं होती.

मी तो तुकडा हातात घेऊन मोरीजवळच बसले. सर्दीची पट्टी इथं होती. मग पोरीच्या बॅगेत काय गेलं? आणि माझ्यासमोर उभं राहून, माझ्या धाकानं, तिनं दोनदा काय गिळलं?

मला तेव्हा एवढंच वाटलं की बापाची गोळी पोरीला दिली, तिचा रक्तदाब उतरला असेल, चक्कर आली असेल. शाळेत जायच्या आधी आमच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी आमच्या दोन्ही पिढ्या बघितल्या आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "दोन गोळ्यांनी तब्येतीला काही होत नाही." माझा जीव भांड्यात पडतोय तोवर त्यांनी मोबाईल काढला आणि काहीतरी शोधायला लागल्या. मग चष्मा वर केला.

"मुलगी अजून खेळते ना?"

"परवा शर्यत आहे."

"ही अंगातलं पाणी काढणारी गोळी आहे. खेळाडूंना ही बंद आहे. स्पर्धा असो नसो, कधीच चालत नाही."

"पण हिनं ताकद थोडीच वाढते?"

"ताकद नाही वाढत. पण दुसरं काही घेतलेलं लघवीतून धुऊन काढायला, लपवायला ही वापरतात. तपासणीत सापडली तर ते म्हणणार, मुलगी काहीतरी लपवत होती. काही वर्षांची बंदी बसू शकते."

"मी लिहून देते ना. आईनं दिली, चुकून दिली."

डॉक्टरीणबाईंनी मोबाईल बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "सगळ्याच जणी आईनं दिली म्हणून सांगतात हो."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. रिक्षात बसले ते शाळेच्या पुढं गेले तरी कळलं नाही. बावीस वर्षांची पोर, सहा वर्षं पहाटे उठून पाण्यावर गेलेली, दिवाळीला दोन दिवसांच्या वर घरी न राहिलेली. तिच्यावर डाग लागणार आणि तो मी लावलेला असणार. बंदी उठेपर्यंत तिचं वय निघून जाणार. नणंद काय म्हणेल, गल्ली काय म्हणेल, तेही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण सगळ्यात जास्त भीती एका गोष्टीची वाटली. ती पट्टी अजून तिच्या बॅगेत होती, आणि आई म्हणाली म्हणून ती रोज एक घेत असेल.

तिचा फोन लागत नव्हता. स्पर्धेच्या आठवड्यात कोच मॅडम सगळ्यांचे फोन काढून घेतात आणि संध्याकाळी अर्धा तास देतात. मॅडमचा नंबर माझ्याकडं होता. तो मी तीनदा काढला आणि तीनदा ठेवून दिला. मॅडमना कळलं तर त्या पोरीला होडीतून उतरवणार. उतरवायलाच पाहिजे. मग केरळच्या त्या पोरीचं काय? दोघींची होडी, एक गेली की दुसरीही गेली. तिच्या आईनं तर कुणाला चुकीची गोळी दिली नव्हती. सांगायचं तरी पंचाईत आणि न सांगायचं तरी पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं होऊन बसलं होतं.

दुपारी नवरा घरी आला. मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ पाय चोळत बसले.

"सांगू नगंस," ते म्हणाले.

"अहो, काय बोलताय तुम्ही?"

"तपासनी काय सगळ्यांचीच व्हती व्हय? चिठ्ठ्या काडत्यात. हिचाच नंबर येतोय कशावरनं? परवा शर्यत हाय. आज तू तिच्या डोक्यात ह्ये घातलंस तर ती वल्हं मारंल का तुज्या गोळीचा इचार करंल?"

"आणि नंबर आला तर?"

"आला तर आला. मग बगू."

मला इतका राग आला, की मी त्यांना नको नको ते बोलले. आयुष्यभर 'मग बगू' म्हणून सगळं माझ्या अंगावर टाकलंत, असंही म्हणाले. खरं म्हणजे राग त्यांचा नव्हताच. ते जे म्हणत होते ते माझ्याही मनात सकाळपासून येत होतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार घाणेरडं वाटलं.

संध्याकाळी सहाला तिचा फोन आला. आवाज मोकळा होता. तलाव मोठा आहे म्हणाली, वारा जरा आडवा आहे म्हणाली. आम्ही दोघी सुरुवात सगळ्यांत सावकाश करतो आणि शेवटच्या पाचशे मीटरला सुटतो, असं काय काय सांगत राहिली. मी शब्द जुळवत होते.

"सर्दी कशी आहे?" मी विचारलं.

"गेली. एकदम मस्त."

"गोळी घेतेस ना?" हे का विचारलं मी? 'घेऊ नकोस' म्हणायचं होतं. तोंडातून भलतंच गेलं.

"हो गं."

आणि मग मी गप्प. नवरा समोरून हातानं नको नको करत होता. तिकडून कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवते, आई," म्हणाली आणि फोन बंद झाला. माझ्यासारखी तोंडाळ बाई, जिच्या आवाजाला हेडमास्तरसुद्धा दबकून असतात, तिला एक वाक्य बोलता आलं नाही. आणि ती 'हो गं' म्हणाली होती. म्हणजे घेत होती.

शुक्रवारी शाळेत गेले. चौथीच्या वर्गात भागाकार होता. फळ्यावर गणित मांडलं आणि पुढं काय करायचं ते सुचेना. पहिल्या बाकावरच्या तेलुगू पोरीनं उठून माझ्या हातातून खडू घेतला आणि गणित पूर्ण केलं, तेही बरोबर. मधल्या सुट्टीत मी मनातल्या मनात उलटा हिशोब करत बसले. मंगळवारी सकाळी ती बाथरूमला किती वेळा गेली होती? दोनदा. दोनदा म्हणजे जास्त का? निघताना तहान लागली म्हणाली होती का? हे असलं सगळं आठवत राहिले. आणि त्यातच एक गोष्ट पक्की झाली, की आज सांगायचं. उद्या चिठ्ठीत तिचं नाव आलं आणि तिला त्या खोलीत नेऊन पहिल्यांदा कळलं, तर ती मला आयुष्यात माफ करणार नाही. आणि नाव आलं नाही, पदक मिळालं, तर ते पदक घरात टांगायचं कसं? मी पोरांना वहीत खाडाखोड केली तरी उभं करते.

संध्याकाळी नवऱ्याला मुद्दाम भाजी आणायला पाठवलं. सहाला फोन वाजला. मी तिला बोलूच दिलं नाही.

"ऐक. मी तुला दिलेली गोळी सर्दीची नव्हती. तुझ्या पप्पांची होती, सूज उतरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तुम्हाला ती बंद आहे. चूक माझी आहे. तू आत्ताच्या आत्ता मॅडमना सांग. उद्या उतरू नको म्हणाल्या तर उतरू नकोस. मी लेखी देते, मी तिथं येते, मी त्या केरळच्या पोरीच्या पाया पडते."

मला वाटलं फोन कट झाला.

"आई," ती म्हणाली. "मी नाही घेतली ती."

"पट्टी राहू दे. त्या दोन घेतल्यास ना, माझ्यासमोर."

"नाही घेतल्या. गालात धरल्या. मोरीत थुंकल्या."

"तू पाणी प्यायलीस. मी बघत होते."

"तू बघत होतीस म्हणूनच गालात धरल्या ना. आई, भांडायला वेळ नव्हता मला. पट्टी मी पुण्यातच मॅडमकडं दिली. नाव नसलेलं काहीही जवळ ठेवायचं नसतं."

मी भिंतीला टेकले. सुटले, वाचली पोरगी, असं म्हणेपर्यंत दुसरंच काहीतरी तोंडात आलं.

"आणि काल हो म्हणालीस ते?"

"तू काळजी करशील म्हणून."

"लाडू?"

"लाडूंचं काय?"

"लाडू तरी खाल्लेस का?"

"आई, स्पर्धेच्या आधी बाहेरचं खायचं नसतं आम्हाला."

बाहेरचं! हा शब्द आमच्या घरात मीच चालवत आले. गाड्यावरचं, हॉटेलातलं, लग्नातलं, ते सगळं बाहेरचं. डिंक मी निवडला, तूप घरी कढवलं, खारीक माझ्या हातानं फोडली, आणि तिकडच्या तलावाच्या काठावर ते बाहेरचं झालं. मला म्हणावंसं वाटलं, की बाई, तू कुठून आलीस ते तरी घरचं धरतेस का? जिभेवर आलं होतं. पण उद्या सकाळी नऊला तिची शर्यत होती.

"बरं केलंस," मी म्हणाले.

"रागावलीस?"

"नाही."

"आई, मी बाकी तुझ्याशी कधी खोटं बोलत नाही गं. तू काही हातावर ठेवतेस तेवढंच."

"बरं केलंस म्हटलं ना. झोप लवकर."

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. नवरा भाजी घेऊन आला तर त्यांना वाटलं सगळं संपलं. त्यांना सांगितलं तर ते लहान पोरासारखे हसायला लागले, "लई हुशार हाय माजी पोरगी," म्हणाले आणि सुजलेल्या पायांनी समोरच्या घरी सांगायला निघाले. कशाबद्दल सांगणार होते कुणास ठाऊक. मी त्यांना दारातूनच मागं ओढलं.

पण माझी काळजी संपली नाही. रिकाम्या मनाला एक नवीन शंका चिकटली. जी पोरगी इतक्या सफाईनं गिळल्याचं नाटक करते, ती न गिळल्याचंही करू शकते. काल 'हो गं' म्हणाली ते खोटं आणि आज 'नाही' म्हणाली ते खरं, हे मी कशावरून धरायचं? मी पाया पडते, लेखी देते, असलं काहीबाही बोलत सुटले होते. आईला सावरायला ती म्हणाली असेल, की नाही घेतली. शर्यत तिची, निर्णय तिचा. बापाची पोरगी आहे, 'मग बगू' तिच्याही रक्तात असणार. ही शंका मी कुणाला बोलले नाही.

शनिवारी त्यांची जोडी दुसरी आली. तिसऱ्या जोडीच्या अर्धी होडी पुढं. तिनं फोन केला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं, धाप आणि रडं दोन्ही. मी आनंदानं ओरडले. आणि लगेच ती म्हणाली, "तपासणीला माझंच नाव आलं. दीड तास बसले होते, लघवी होईचना. ती बाई सारखी समोर उभी."

"समोर उभी?"

"बघत राहावं लागतं त्यांना. तुझ्यासारखंच."

ती हसली. मला हसू आलं नाही.

तपासणीत काही नसेल तर मुद्दाम कुणी कळवत नाही म्हणे, सापडलं तरच पत्र येतं. म्हणजे वाट बघायची ती न येणाऱ्या पत्राची. पोस्टमन गल्लीत वळला की मी हातातलं टाकून दारात जायचे. तो विजेची बिलं, बँकेची पाकिटं देऊन जायचा. पहिल्या आठवड्यात रोज, मग एक दिवसाआड, मग मी स्वतःवरच चिडायला लागले. फोनवर पोरीला विचारायचे, "सगळं ठीक?" ती म्हणायची, "ठीक." त्या 'ठीक'चा मी उलटसुलट वास घेत बसायचे. नवऱ्यानं गोळ्यांसाठी वेगळा डबा आणला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं.

दीडेक महिन्यानं शिबिराची यादी आली. सगळ्यांच्या तपासण्या नीट निघाल्यावरच ती यादी लावतात, असं तिनं सांगितलं. यादीत तिचं नाव होतं, खाली केरळच्या पोरीचं होतं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरगी खरं बोलली होती. दोन्ही गोळ्या खरंच मोरीत गेल्या होत्या. आणि ते खरं ठरलं त्याच क्षणी हेही खरं ठरलं, की माझ्या हातातून ती आता काही घेत नाही, नुसतं घेतल्यासारखं करते.

संध्याकाळी मी दोन किलो पेढे आणले. नणंदेकडं पहिल्यांदा दिले, मग समोर, मग शाळेत. पोरीसाठी एक बाजूला काढून ठेवायला हात गेला होता. तोही मी चौथीतल्या त्या तेलुगू पोरीला देऊन टाकला.